जमैका, बगरीचा कायदा आणि समलिंगी माणसं: लिहिताना नेमकं काय चुकतं? (मंचावरची चर्चा; प्रत्येक मजकुराआधी लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

शिरोरेखा

जमैकातल्या समलिंगी लोकांच्या परिस्थितीवर मासिकासाठी आलेला एक लेख तपासायचा आहे. लेख कळकळीनं लिहिलेला आहे, पण काही वाक्यांपाशी पेन्सिल अडते आहे. जाणकारांनी खालच्या मुद्द्यांवर नेमकं सांगावं.

१. "जमैकात समलिंगी असणं गुन्हा आहे, दहा वर्षांची शिक्षा होते." हे असंच छापावं का?
२. "कॅरिबियनमधल्या न्यायालयांनी हे कायदे रद्द केले, जमैकाचं न्यायालय मात्र सनातनी निघालं." कारण खरंच एवढंच?
३. "९१ टक्के जमैकन समलिंगी लोकांचा द्वेष करतात."
४. डान्सहॉल (रेगेतून निघालेलं जमैकन नाचगाणं) संगीतावर दोन पानं आहेत, चर्चवर एक परिच्छेद. हे प्रमाण बरोबर वाटतं का?
५. शीर्षकात "जगातला सर्वांत होमोफोबिक (समलिंगीद्वेषी) देश" आहे.

"छळ होतो, फार वाईट आहे" इतपत सगळ्यांनाच माहीत असतं. कलमं, सालं, कुणी काय केलं, कशामुळे अडलं, असं हवं आहे.

पोटकलम

पहिल्या दोन मुद्द्यांचं मी घेतो.

"असणं" गुन्हा नाही, कृती गुन्हा आहे. हा शब्दच्छल वाटेल, पण पुढचा सगळा घोळ या एका शब्दातून सुरू होतो. कायदा आहे १८६४ चा 'ऑफेन्सेस अगेन्स्ट द पर्सन अ‍ॅक्ट'. त्यातली कलमं अशी:

कलम ७६, 'बगरी' म्हणजे गुदमैथुन (प्राण्याशी केलेला संभोगही याच कलमात): १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी.
कलम ७७, त्याचा प्रयत्न किंवा पुरुषावर केलेला अश्लील हल्ला: ७ वर्षांपर्यंत.
कलम ७८ हे पुराव्याचं. संभोग पूर्ण झाला हे सिद्ध करावं लागत नाही, लिंगप्रवेश पुरेसा.
कलम ७९, दोन पुरुषांमधलं 'घोर असभ्य वर्तन', मग ते चारचौघांत असो की बंद दाराआड: २ वर्षांपर्यंत.

७९ ची भाषा नंतर, इंग्लंडमधल्या १८८५ च्या कायद्यातून उचललेली आहे. 'असभ्य वर्तन' म्हणजे काय, याची व्याख्या कुठेही नाही. त्यामुळे समलिंगी समाजात जास्त भीती असते ती याच कलमाची. त्यात काहीही बसवता येतं.

आता लेखकाच्या नजरेतून निसटलेल्या गोष्टी. कलम ७६ मध्ये संमतीचा उल्लेख नाही, वयाचा नाही, आणि पुरुषानं स्त्रीशी केलेलं गुदमैथुनही, अगदी नवराबायकोतलंही, तांत्रिकदृष्ट्या त्यात येतं. दोन स्त्रियांमधल्या संबंधांबद्दल मात्र एकही कलम नाही. "स्त्रियांना कायद्याची झळ नाही" इथपर्यंत ठीक. "म्हणून त्या सुरक्षित आहेत" असं लिहिलंत तर चूक. लेस्बियन स्त्रियांना 'सुधारण्यासाठी' केलेल्या बलात्कारांच्या तक्रारी मानवाधिकार संघटनांनी वर्षानुवर्षं नोंदवल्या आहेत.

संमती आणि वय नाही याचा व्यावहारिक परिणाम असा की लहान मुलावरचा अत्याचार, प्रौढ पुरुषावरची जबरदस्ती आणि दोन प्रौढांचा खाजगी मामला, तिन्ही एकाच कलमाखाली नोंदले जातात. 'बगरीचे इतके खटले' असा आकडा कुठे दिसला आणि लेखकानं तो 'इतके समलिंगी पुरुष तुरुंगात' असा वाचला असेल, तर तो आकडा काढून टाका. प्रत्यक्ष खटल्यांमध्ये अल्पवयीन पीडित किंवा जबरदस्तीचीच प्रकरणं बहुसंख्य असतात. संमतीनं राहणाऱ्या दोन प्रौढांवर खटला चालून शिक्षा होणं दुर्मीळ.

मग कायद्याचा त्रास काय? तो न्यायालयाबाहेर चालतो. "पोलिसात सांगेन" एवढ्या वाक्यावर पैसे उकळता येतात. घरमालक खोली खाली करायला सांगतो. मार खाल्लेला माणूस तक्रारीला जात नाही, कारण तक्रार सांगताना स्वतःबद्दलही काही सांगावं लागतं. पोलीस दलानं २०११ मध्ये विविधतेबद्दलचं धोरण कागदावर आणलं, पण चौकीतल्या शिपायाच्या हातात आजही तेच १८६४ चं कलम आहे.

आणखी एक विचित्र गोष्ट लेखात यायलाच हवी. २००९ च्या लैंगिक गुन्ह्यांच्या कायद्यात बलात्काराची व्याख्या फक्त योनीतल्या लिंगप्रवेशापुरती आहे. म्हणून पुरुषावर किंवा स्त्रीवर गुदमार्गानं बलात्कार झाला तर तो 'बलात्कार' ठरत नाही, 'बगरी' ठरतो. बलात्काराला जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे, बगरीला जास्तीत जास्त दहा वर्षं. म्हणजे हे कलम जसंच्या तसं ठेवण्याच्या हट्टात पीडिताचंच नुकसान होतं. त्याच २००९ च्या कायद्यानं लैंगिक गुन्हेगारांची नोंदवही आणली, आणि तिच्यात बगरीचाही समावेश आहे.

दुसरा मुद्दा. न्यायालय सनातनी की उदारमतवादी हा प्रश्नच इथे गैरलागू आहे. न्यायालयाचे हात बांधलेले आहेत, आणि बांधणारी संसद आहे.

ब्रिटिश वसाहती स्वतंत्र झाल्या तेव्हा बहुतेक राज्यघटनांमध्ये 'सेव्हिंग्ज क्लॉज' घातलं गेलं. आपल्या कायद्यांच्या मराठी अनुवादात ज्याला 'व्यावृत्ती' म्हणतात ते. अर्थ असा: स्वातंत्र्याआधीचे कायदे नव्या मूलभूत हक्कांच्या विरोधात असले, तरी तेवढ्यासाठी ते रद्द ठरवता येणार नाहीत. जमैका ६ ऑगस्ट १९६२ ला स्वतंत्र झाला तेव्हा हे होतंच. पण खरी गंमत पुढे आहे. एप्रिल २०११ मध्ये जमैकानं मूलभूत हक्कांची नवी सनद स्वीकारली आणि सर्वसाधारण व्यावृत्तीच्या जागी कलम १३(१२) आणलं. त्यात तीन प्रकारच्या जुन्या कायद्यांना नाव घेऊन कवच दिलं: लैंगिक गुन्हे, अश्लील प्रकाशनं आणि न जन्मलेल्या बालकाच्या जिवाविषयीचे गुन्हे, म्हणजेच गर्भपात. हे साहेबाच्या काळातलं अडगळीचं कलम नव्हे. एकविसाव्या शतकात, स्वतंत्र देशाच्या संसदेनं, चर्चच्या गटांशी दीर्घ चर्चा करून घातलेलं कलम आहे. त्याच सनदेत विवाह म्हणजे एक पुरुष आणि एक स्त्री हेही लिहून टाकलं, आणि भेदभावाविरुद्धच्या यादीत 'सेक्स' हा शब्द न वापरता 'पुरुष किंवा स्त्री असणं' असा शब्दप्रयोग केला. 'सेक्स'चा अर्थ ताणून पुढे कुणी लैंगिक कल त्यात बसवू नये, ही काळजी.

म्हणून जमैकन वकील आणि कार्यकर्ते मॉरिस टॉमलिन्सन यांनी २०१५ मध्ये दाखल केलेली याचिका ऑक्टोबर २०२३ मध्ये फेटाळली गेली. हा कायदा चांगला आहे असं न्यायालय म्हणालं नाही. तो तपासण्याचा अधिकार सनदेनं आम्हाला ठेवलेला नाही, असा निकालाचा गाभा आहे. त्याआधी २०१३ मध्ये कार्यकर्ते जावेद जगाई यांनीही याचिका केली होती. स्वतःच्या आणि कुटुंबाच्या सुरक्षिततेच्या भीतीनं त्यांनी ती २०१४ मध्ये मागे घेतली. दोन याचिका, दोन वेगळी कारणं. लेखात त्या एकत्र केल्या असतील तर सोडवून घ्या.

अवांतर: हे समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या आपल्या कलम ३७७ चं भावंड आहे, पण नक्कल नाही. ३७७ आलं १८६० च्या दंडसंहितेतून, जमैकाचा कायदा बेतला आहे इंग्लंडच्या १८६१ च्या कायद्यावर. शब्दरचना वेगळी आहे. आणि आपल्या सर्वोच्च न्यायालयासमोर १३(१२) सारखं कुलूप नव्हतं.

मोहर

पोटकलम, एक शंका. संसदेनंच कुलूप घातलं तर संसदेला ते काढता येतंच ना? त्यासाठी दोनतृतीयांश वगैरे लागतं का?

पोटकलम

इथेच बहुतेक लेख घसरतात. कुलूप काढायचं, म्हणजे सनदेतलं १३(१२) बदलायचं, तर हो, दोन्ही सभागृहांत दोनतृतीयांश लागतात. पण कलम ७६ रद्द करायला किंवा त्यातून संमतीनं वागणारे प्रौढ वगळायला घटनेला हात लावावाच लागत नाही. तो साधा कायदा आहे, साध्या बहुमतानं बदलतो. कनिष्ठ सभागृहात ६३ जागा आहेत. म्हणजे सरकारमध्ये असलेला कुठलाही पक्ष एका दुपारी हे करू शकतो. तरी झालेलं नाही.

न होण्यामागे एक कायदेशीर खोचही आहे. कवच आहे ते सनद लागू होण्याच्या क्षणी अस्तित्वात असलेल्या कायद्याला. संसदेनं त्या कायद्यात फेरफार केला की बदललेला मजकूर 'जुना' राहतो का, यावर वाद घालता येतो. त्यामुळे बलात्काराची व्याख्या दुरुस्त करा, शिक्षा वाढवा, अशी सूचना आली तरी काही धार्मिक वकील सावध होतात: हात लावला की कवच जाईल. जबरदस्तीनं केलेल्या कृत्याची शिक्षा इतकी वर्षं दहावरच का अडकली आहे, याचं बरंचसं उत्तर इथे आहे.

आकडेमोड

तिसरा मुद्दा. ९१ हा आकडा खरा आहे, वाक्य खोटं आहे.

२०१४ मध्ये 'ग्लीनर' या वृत्तपत्रासाठी बिल जॉन्सन यांनी केलेल्या पाहणीतला हा आकडा. विचारलं होतं ते बगरी कायदा रद्द करण्याबद्दल. ९१ टक्क्यांनी तो रद्द करू नये असं म्हटलं. 'कायदा रद्द करू नका' आणि 'द्वेष करतो' हे एकच प्रश्न नव्हेत. त्यातही जमैकन इंग्रजीत 'बगरी' ऐकल्यावर अनेकांच्या डोळ्यांपुढे लहान मुलांवरचे अत्याचार येतात, कारण बातम्यांमध्ये तो शब्द त्याच संदर्भात येतो. प्रश्नातला शब्द बदलला की उत्तर हलतं.

त्याआधी २०११ मध्ये वेस्ट इंडीज विद्यापीठाचे प्राध्यापक इयन बॉक्सिल यांनी केलेली पाहणी जास्त उपयोगी आहे. त्यात ८२ टक्क्यांच्या आसपास लोकांनी पुरुष समलैंगिकता नैतिकदृष्ट्या चूक मानली, आणि ८५ टक्क्यांच्या आसपास लोकांनी प्रौढांमधले संमतीचे संबंध कायदेशीर करायला विरोध केला. पण एकगठ्ठा आकड्यापेक्षा आतली फोड बघा. पुरुषांचा विरोध स्त्रियांपेक्षा तीव्र. शिक्षण आणि उत्पन्न कमी तसा विरोध जास्त. म्हणजे 'जमैकन' नावाचा एकसंध प्राणी नाही.

आकडा वापरायचाच असेल तर वाक्यात चार गोष्टी हव्यात: साल, पाहणी कुणी केली, प्रश्न नेमका काय होता, आणि तो कायद्याबद्दल होता, नैतिकतेबद्दल की वागणुकीबद्दल. शेजारी समलिंगी राहिला तर चालेल का, कुटुंबातला मुलगा निघाला तर काय कराल, नोकरीवर ठेवाल का, हे तिसऱ्या जातीचे प्रश्न. बार्बाडोस आणि त्रिनिदादमध्ये कॅड्रेस या संस्थेनं केलेल्या पाहण्यांत असे प्रश्न वेगळे काढले होते. 'मला पटत नाही पण माझं काही जात नाही' म्हणणारा मोठा गट तिथे दिसतो. हो-नाही पद्धतीच्या पाहणीत हा गट अदृश्य होतो, कधी इकडे मोजला जातो, कधी तिकडे.

एचआयव्हीचा आकडा लेखात असेल तर तोही तपासा. पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांमध्ये लागण साधारण ३० टक्क्यांच्या घरात आणि एकूण प्रौढांमध्ये दीड टक्क्याच्या आसपास, ही तफावत बरोबर आहे. मात्र पहिला आकडा सगळ्या समलिंगी पुरुषांचा नमुना घेऊन काढलेला नाही. लपून राहणाऱ्या गटात यादृच्छिक नमुना निघतच नाही. दवाखान्यांशी, संस्थांशी संपर्कात असलेल्यांमधून आणि त्यांच्या ओळखीच्या साखळीतून माणसं गोळा केली जातात. त्यात गरीब, बेघर तरुणांचं प्रमाण जास्त असू शकतं. "असं आढळलं" लिहा, "असं आहे" लिहू नका.

बेसलाईन

चौथा मुद्दा. दोन पानं विरुद्ध एक परिच्छेद हे प्रमाण लंडनमधल्या वर्तमानपत्रांचं आहे, जमैकाची राजधानी किंग्स्टनचं नाही. परदेशात जे ऐकू येतं त्यावर बाहेरचा माणूस जास्त लिहितो. गाणी ऐकू येतात, रविवारचं प्रवचन ऐकू येत नाही.

तरी संगीताचा भाग काढून टाकू नका, नीट लावा. क्रम असा. डान्सहॉल गायक बुजू बांटनचं समलिंगी पुरुषांना गोळ्या घालण्याविषयीचं गाणं १९९२ मध्ये गाजलं आणि परदेशात पहिल्यांदा गदारोळ झाला. पुढे ब्रिटनमधली 'आउटरेज' ही संघटना आणि जमैकातली समलिंगी हक्कांची संघटना जे-फ्लॅग यांनी 'स्टॉप मर्डर म्युझिक' मोहीम चालवली. तिचा रोख नीतीवर नव्हता, धंद्यावर होता: युरोप-अमेरिकेतले कार्यक्रम रद्द करायला लावायचे, प्रायोजक गळायला लावायचे. डान्सहॉल गायकाची खरी कमाई परदेश दौऱ्यांतून होते, त्यामुळे चिमटा बरोबर बसला. २००७ मध्ये बीनी मॅन, सिझला आणि केपलटन या गायकांच्या सह्या असलेलं 'रेगे कम्पॅशनेट अ‍ॅक्ट' नावाचं प्रतिज्ञापत्र आलं. (नावात 'अ‍ॅक्ट' आहे म्हणून कुणी त्याला कायदा म्हटलं असेल तर दुरुस्त करा.) मायदेशी परतल्यावर सहीबद्दल हात झटकणंही झालं, कारण घरच्या श्रोत्यांपुढे 'नमला' हा शिक्का जास्त महाग. २०१९ मध्ये बुजू बांटननं ते गाणं आपल्या संग्रहातून काढून टाकलं आणि पुन्हा गाणार नाही असं जाहीर केलं.

गाण्यांतल्या शब्दांचे अर्थ बहुधा चुकवले जातात. 'बॅटी' म्हणजे ढुंगण, त्यावरून 'बॅटीमॅन'. 'ची-ची' म्हणजे जमैकन बोलीत वाळवी, लाकूड पोखरणारी. 'ची-ची मॅन'बरोबर जाळण्याची भाषा का येते ते मग कळतं. 'फायर बर्न' ही मात्र रास्ताफारी या जमैकन धर्मपंथाच्या बोलण्यातली पद्धत आहे, भ्रष्ट गोष्टींवर शाब्दिक आग ओतायची. पोपवर, राजकारण्यांवर, सगळ्यांवर ओततात. काही गायकांनी बचावात हेच सांगितलं. बचाव अर्धा खरा आहे. रूपक म्हणून गायलेली ओळ गल्लीतल्या जमावानं रूपक म्हणूनच घ्यावी, अशी कुठलीही सोय नसते.

आणखी एक. रास्ताफारी लोकांना दोष देऊन मोकळं होऊ नका. २०११ च्या जनगणनेत ते एक टक्क्याच्या आसपास आहेत. चर्च ऑफ गॉड, अ‍ॅडव्हेंटिस्ट आणि पेंटेकोस्टल या ख्रिस्ती पंथांची बेरीज निम्म्या लोकसंख्येजवळ जाते.

ओसरी

बेसलाईनशी सहमत. चर्च आणि राजकारणाचा धागा मी जोडतो, कारण लेखात एकच परिच्छेद असेल तर तो बहुधा "बायबलमध्ये निषिद्ध आहे" एवढाच असणार.

चर्च तिथे फक्त देऊळ नाही. शाळा चालवतं, बालवाडी चालवतं, वस्तीत तंटा मिटवतं, अंत्यविधीचा खर्च उचलतं. घरातून काढलेल्या मुलाला एरवी ज्या दारात आसरा मिळाला असता तेच दार त्याच्यासाठी बंद असतं, ही खरी गोची. न्यू किंग्स्टनमधल्या सांडपाण्याच्या नाल्यांत, ज्यांना तिथे 'गली' म्हणतात, समलिंगी आणि ट्रान्स तरुणांचे गट राहत होते, पोलीस त्यांना वारंवार हुसकत होते. ही मुलं तिथे पोहोचली ती घर, शाळा आणि चर्च तिन्ही एकदम सुटल्यामुळे.

संघटित धार्मिक राजकारणही आहे. २०१४ मध्ये प्राध्यापक ब्रेंडन बेन यांना वेस्ट इंडीज विद्यापीठानं एचआयव्ही प्रशिक्षण कार्यक्रमाच्या प्रमुखपदावरून दूर केलं, कारण त्यांनी शेजारच्या बेलीझमधल्या अशाच कायद्याविरुद्धच्या खटल्यात तो कायदा टिकवू पाहणाऱ्या चर्चगटांच्या बाजूनं तज्ज्ञ म्हणून प्रतिज्ञापत्र दिलं होतं. तोंडावर काळ्या पट्ट्या बांधून विद्यापीठाबाहेर निदर्शनं झाली. त्याच वर्षी जूनच्या अखेरीस किंग्स्टनच्या हाफ वे ट्री चौकात चर्चगटांनी हजारोंची सभा भरवली. त्यांची मांडणी 'समलिंगींना मारा' अशी कधीच नव्हती. 'आमच्या बोलण्याच्या स्वातंत्र्यावर घाला येतोय' अशी होती. मवाळ वाटणारी, म्हणून जास्त परिणामकारक.

उलट उदाहरणही द्या. डिसेंबर २०१४ मध्ये किंग्स्टनच्या व्हिनयार्ड टाउनमधल्या अँग्लिकन चर्चमध्ये शॉन मेजर-कॅम्पबेल या पाद्र्यांनी प्रार्थनेच्या वेळी दोन लेस्बियन स्त्रियांचे पाय धुतले. बातमी गाजली, त्यांनी शिव्याही खाल्ल्या.

राजकारण्यांचं: २००१ मध्ये विरोधात असलेल्या जेएलपीनं (जमैका लेबर पार्टी) तेव्हाचे पंतप्रधान पी. जे. पॅटरसन यांना चिमटे काढायला एक समलिंगीद्वेषी डान्सहॉल गाणं सभांमध्ये वाजवलं. पॅटरसन यांना आकाशवाणीवर आपण आजन्म भिन्नलिंगी आहोत असं सांगावं लागलं. मग त्यांच्या पीएनपीनंही (पीपल्स नॅशनल पार्टी) पुढच्या निवडणुकीची घोषणा तशाच एका गाण्याच्या शब्दावरून बेतली. दोन्ही पक्ष एकाच माळेचे. २००८ मध्ये पंतप्रधान ब्रूस गोल्डिंग बीबीसीवर म्हणाले की आपल्या मंत्रिमंडळात समलिंगी नसतील. डिसेंबर २०११ च्या वादसभेत पीएनपीच्या नेत्या पोर्शिया सिम्प्सन-मिलर मात्र म्हणाल्या की कायद्याचा फेरविचार व्हावा, खासदारांनी आपल्या विवेकानं मत द्यावं, आणि मंत्री निवडताना लैंगिक कल बघणार नाही. सगळ्यांना वाटलं, संपलं यांचं. त्या ६३ पैकी ४२ जागा घेऊन जिंकल्या. तो विवेकानं मतदान करण्याचा दिवस मात्र त्यांच्या पूर्ण कारकिर्दीत आला नाही. पुढे जेएलपीचे अँड्र्यू होलनेस यांनी सार्वमताची भाषा केली. तेही झालेलं नाही.

माझं वाचन असं की मतदार या एका मुद्द्यावर सरकार पाडत नाहीत, २०११ नं ते दाखवलं. पण खासदार तसं मानून चालतात, कारण प्रत्येकाच्या मतदारसंघात दहा-बारा पाद्री असे असतात की ज्यांच्या ओट्यावर त्याला प्रचाराला जावंच लागतं.

मोहर

याच्या मुळाशी गुलामगिरी आहे असंही वाचलं आहे. मळेवाले गुलाम पुरुषांवर अत्याचार करायचे, त्यातून पुरुषत्वाची ही कडवी कल्पना आली. लेखात घालण्यासारखं आहे का?

ओसरी

एका वाक्यात, 'असंही म्हटलं जातं' अशा सुरात. त्याहून जास्त भार ते पेलत नाही. गुलामगिरी पूर्ण कॅरिबियनमध्ये होती आणि वृत्ती बेटागणिक वेगळी आहे. बार्बाडोस, सुरिनाम, क्युबा, सगळीकडे ऊसमळे होते. सुरिनाममध्ये कष्टकरी क्रिओल (आफ्रिकी वंशाच्या) स्त्रियांमधल्या 'माती' या प्रेमाच्या नात्याला शंभरहून जास्त वर्षांचा नोंदवलेला इतिहास आहे. ग्रेनाडा आणि कारियाकूकडे स्त्रियांवर प्रेम करणाऱ्या स्त्रीला 'झामी' म्हणतात. एकाच कारणातून इतकी वेगळी फळं निघत नाहीत.

कायदाच वृत्ती घडवतो हेही तितकंच अपुरं. हैतीत असा कायदाच नाही, फ्रेंच परंपरेमुळे. तरी २०१७ मध्ये तिथल्या सिनेटनं समलिंगी विवाहाविरुद्ध आणि त्याच्या समर्थनार्थ होणाऱ्या जाहीर कार्यक्रमांविरुद्ध विधेयक मंजूर केलं. मार्टिनिकमध्ये २०१३ पासून फ्रान्सच्या कायद्यानं समलिंगी विवाह होतात आणि 'माकुमे' ही समलिंगी पुरुषाला द्यायची शिवी तरीही रस्त्यावर चालते.

आकडेमोड

पुरुषत्वाच्या मुद्द्याला एक टणक पुरावा जोडता येईल: पुरःस्थ (प्रोस्टेट) ग्रंथीची तपासणी. जमैकात प्रोस्टेटच्या कर्करोगाचं प्रमाण जास्त आहे आणि गुदमार्गातून बोटानं करायच्या तपासणीला पुरुष नकार देतात, हे तिथले डॉक्टर नेहमी सांगतात. 'तिकडे हात लावून घेणारा' म्हणून नाव होण्याची भीती. इथे बळी भिन्नलिंगी पुरुषाचाही जातो. गाण्यांवरच्या दोन पानांपेक्षा ही एक गोष्ट वाचकाला जास्त समजावेल.

पोटकलम

दुसऱ्या मुद्द्यातलं "कॅरिबियनमधल्या न्यायालयांनी रद्द केले" हेही सुधारा. यादी देतो, जशीच्या तशी चौकटीत टाकता येईल.

बहामास: १९९१, न्यायालयानं नव्हे, संसदेनं.
बेलीझ: ऑगस्ट २०१६, कॅलेब ओरोझ्को यांची याचिका. तिथली व्यावृत्ती स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांपुरतीच होती, म्हणून वाट मोकळी होती.
अँटिग्वा-बार्बुडा: जुलै २०२२. सेंट किट्स-नेव्हिस: ऑगस्ट २०२२. बार्बाडोस: डिसेंबर २०२२. डॉमिनिका: एप्रिल २०२४. सेंट लुसिया: जुलै २०२५.
सेंट व्हिन्सेंट: फेब्रुवारी २०२४, याचिका फेटाळली. अर्जदार परदेशात राहतात हाही मुद्दा आड आला.
गयाना: बगरीचं कलम कायम. पुरुषांच्या 'स्त्रीवेशा'विरुद्धचं कलम मात्र कॅरिबियन कोर्ट ऑफ जस्टिसनं नोव्हेंबर २०१८ मध्ये रद्द केलं. दोन्हींची सरमिसळ नेहमी होते.

आणि त्रिनिदाद-टोबॅगो, जिथे सगळ्यात जास्त लेख जुने पडले आहेत. एप्रिल २०१८ मध्ये जेसन जोन्स यांच्या याचिकेवर उच्च न्यायालयानं कलमं घटनाबाह्य ठरवली. मार्च २०२५ मध्ये अपील न्यायालयानं दोन विरुद्ध एक मतानं तो निकाल फिरवला. लैंगिक गुन्ह्यांबद्दलचा १९८६ चा कायदा म्हणजे जुन्याच गुन्ह्याचा पुढचा अवतार, म्हणून तो व्यावृत्तीच्या कवचाखाली येतो, असा युक्तिवाद मान्य झाला. कमाल शिक्षा २५ वर्षांवरून जुन्या कायद्यातल्या ५ वर्षांवर आली, पण गुन्हा पुन्हा गुन्हा झाला. जमैकाप्रमाणेच त्रिनिदादचंही शेवटचं अपील लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे जातं. तिथे २०२२ मध्ये त्रिनिदादच्याच फाशीच्या खटल्यात व्यावृत्तीचं कलम उचलून धरलं गेलं, हे ध्यानात ठेवून बातम्या वाचा.

बेसलाईन

शीर्षकाबद्दल कुणीच बोललं नाही. ते विशेषण २००६ च्या 'टाइम' साप्ताहिकातल्या लेखाचं आहे, आणि तिथेही पुढे प्रश्नचिन्ह होतं. प्रश्नचिन्ह कुठे गळलं देव जाणे. २००४ मध्ये जे-फ्लॅगचे एक संस्थापक ब्रायन विल्यमसन यांचा घरात खून झाला होता, त्यानंतरच्या काळातला तो लेख. पोलिसांनी खून लुटीचा मानला, कार्यकर्त्यांनी मानला नाही. जुलै २०१३ मध्ये माँटेगो बेजवळ एका पार्टीत स्त्रीवेशात गेलेल्या सोळा वर्षांच्या मुलाला जमावानं ठार केलं. हे सगळं लिहायलाच हवं. पण त्याच देशात ऑगस्ट २०१५ मध्ये पहिला प्राइड आठवडा झाला, स्वातंत्र्यदिनाच्या आठवड्यात, किंग्स्टनच्या महापौरांच्या जाहीर पाठिंब्यानं. मोर्चा मुद्दाम काढला नाही, कार्यक्रम बंदिस्त जागांत ठेवले. हा तपशील सोडला तर एकतर नरक दिसतो, नाहीतर नंदनवन.

शिरोरेखा

सर्वांचे आभार. शीर्षक बदलते आहे. पहिल्या मुद्द्याचा मजकूर असा केला आहे, बघा:

"जमैकात पुरुषांमधले लैंगिक संबंध १८६४ च्या कायद्यानुसार गुन्हा आहेत. गुदमैथुनाला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. संमतीनं वागणाऱ्या प्रौढांवर खटले क्वचितच चालतात. २०११ च्या घटनादुरुस्तीमुळे हा कायदा रद्द करता येत नाही."

पोटकलम

पहिली तीन वाक्यं चोख. चौथ्यात "न्यायालयाला" हा शब्द घाला: "न्यायालयाला हा कायदा रद्द करता येत नाही." संसदेला येतो.